आधीं काळोख, मग उजेड

घरांत येणाऱ्या नव्या वस्तूंची पारख करावी आणि ती वाचकांपुढें मोकळेपणानें मांडावी, एवढाच या सदराचा उद्योग. या महिन्यांत मात्र वस्तु मोठी आहे, तिला लागणारा पैसा मोठा आहे आणि ती ज्या घरांत जावयाची तें घरही मोठें आहे. भिवंडीच्या एका वाचकभगिनीनें आम्हांस लिहिलें आहे : "आमच्या घरीं लहानमोठीं मिळून चौदा माणसें. रात्रीं जेवणें झालीं कीं चौदा माणसांत दहा फोन उघडतात. दिवाणखान्यांत सगळे बसतात, पण कोणी कोणाबरोबर बसत नाहीं. यंदा घराच्या सामाईक पैशांतून हाय डेफिनिशन प्रोजेक्टर घ्यावा व दिवाणखान्याचें होम थिएटर करावें, असें धाकट्या भावजींचें म्हणणें. मोठे भावजी म्हणतात, हें खेळणें आहे, महिन्याभरांत माळ्यावर जाईल. सासूबाईंना अठ्ठ्याहत्तरावें वर्ष चालू आहे. फोनवरचें चित्र त्यांना दिसत नाहीं, म्हणून त्या आमच्यांत असून नसल्यासारख्या. आपण निकाल द्यावा."

निकाल देण्याचा अधिकार त्या घराचा आहे, आमचा नव्हे. परंतु पारख करून देणें हें आमचें कामच. म्हणून आम्हीं दोन यंत्रें मिळविलीं आणि त्यांच्या घरीं तीन रात्री घालविल्या. एक यंत्र अगदीं स्वस्त, फोनवरील जाहिरातींतून येतें तसें. दुसरें मध्यम किंमतीचें, जाणत्या दुकानांत मिळणारें. यंत्रांचीं नांवें आम्ही देत नाहीं. नांवें सहा महिन्यांनीं बदलतात. पारखण्याच्या रीति बदलत नाहींत, आणि वाचकांच्या उपयोगाच्या त्याच.

प्रथम एक जुनी गोष्ट सांगतों, कारण ती भिवंडीच्या शेजारचीच आहे. खाडीपलीकडे कल्याणास महादेव गोपाळ पटवर्धन या नांवाचे एक कल्पक गृहस्थ होऊन गेले. १८९२ सालीं त्यांनीं 'शांबरिक खरोलिका' या नांवानें दीपचित्रांचे खेळ सुरू केले. कांचेवर हातानें रंगविलेलीं चित्रें दिव्यापुढें धरावयाचीं, भिंगांतून तीं पडद्यावर मोठीं करून पाडावयाचीं, तीं जलद बदलून हालचालीचा भास उत्पन्न करावयाचा, आणि जोडीला निवेदन व गाणें. ल्यूमिएर बंधूंचा सिनेमा मुंबईंत वॉटसन हॉटेलांत आला तो ७ जुलै १८९६ रोजीं. म्हणजे त्याच्या आधीं चार वर्षें आपल्या शेजारच्या गांवचीं माणसें पडद्यावर चित्रें नाचवीत होतीं. हा उद्योग एकट्या महादेवरावांचा नव्हता. मुलगेही त्यांत होते. त्यांच्या दिव्याचा उजेड आजच्या यंत्रापुढें अगदींच मंद असला पाहिजे. तरी खेळ रंगे, कारण भोंवतालीं काळोख पुरता होता आणि चित्राची गोष्ट सांगणारा माणूस जवळ होता. हीं दोन साधनें आजही यंत्राबरोबर पेटींतून येत नाहींत. तीं घरानेंच पुरवावीं लागतात. पुढील सर्व विवेचनाचें सार हेंच आहे.

आतां यंत्राकडे वळूं. 'हाय डेफिनिशन' या शब्दाचा अर्थ आधीं नीट समजून घेतला पाहिजे. पडद्यावरील चित्र हें बारीक ठिपक्यांचें बनलेलें असतें. त्या ठिपक्यास पिक्सेल म्हणतात. 'फुल एचडी' चित्रांत १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. 'फोर-के' चित्रांत ३८४० गुणिले २१६०, म्हणजे बरोबर त्याच्या चौपट. पुष्कळ स्वस्त पेट्यांवर '१०८०पी सपोर्ट' असें मोठ्या अक्षरांत छापलेलें असतें, आणि ग्राहक फसतो तो तेथेंच. त्या शब्दांचा अर्थ एवढाच कीं, तेवढ्या ठिपक्यांचें चित्र हें यंत्र आंत घेतें. पडद्यावर टाकतांना मात्र तें १२८० गुणिले ७२० किंवा त्याहूनही थोड्या ठिपक्यांत कोंबून टाकतें. दुकानदारास 'नेटिव्ह रिझोल्यूशन किती?' असें विचारावें, आणि उत्तर छापील माहितीपत्रांत दाखवा म्हणावें.

याची परीक्षा घरींही करतां येते, आणि तिला मराठी लिपि फार उपयोगी पडते. आम्हीं मराठी वर्तमानपत्राचें एक पान पडद्यावर लाविलें. स्वस्त यंत्रानें मधलीं अक्षरें बरीं दाखविलीं. परंतु चारी कोपऱ्यांतील अनुस्वार नाहींसे झाले आणि जोडाक्षरांचे गोळे झाले. याचें कारण ठिपके कमी हें एक, व भिंग हलकें हें दुसरें. मध्यम यंत्रावर कोपऱ्यांतली बारीक जाहिरातसुद्धां मुलांनीं मोठ्यानें वाचून दाखविली. ही चांचणी नुसतें सिनेमाचें दृश्य पाहून होत नाहीं, कारण हलत्या चित्रांत डोळा दोष माफ करतो.

मग फोर-केच कां घेऊं नये, असें धाकट्या दिरांनीं विचारलें. त्याचें उत्तर खोलीच्या मापांत आहे. १०० इंची पडदा म्हणजे २२१ सेंटिमीटर रुंद व सुमारें १२५ सेंटिमीटर उंच. त्यावर फुल एचडीचा एक ठिपका सुमारें १.१५ मिलिमीटर येतो. निरोगी डोळ्यास एक कलेचा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाचा, कोन ओळखतां येतो असें धरतात. हिशेब केला तर सुमारें १३ फुटांपलीकडे बसणारास फुल एचडीचे ठिपके वेगळे दिसतच नाहींत. मग त्यांचे चार तुकडे करून त्यास काय लाभ? या घरचा दिवाणखाना १८ फूट लांब व ११ फूट रुंद. अरुंद भिंतीवर पडदा लावल्यास मंडळी ९ ते १४ फुटांवर बसतील. त्यांतील पुढच्या दोघांतिघांना फोर-केचा थोडासा फायदा होईल, बाकीच्यांना नाहीं. जास्त पैसा ठिपक्यांवर न घालतां भिंगावर व काळ्या रंगावर घालावा, हें आमचें मत.

दुसरा आंकडा उजेडाचा. तो ल्यूमेन या मापानें सांगतात, आणि या एका मापाइतकी खोटी भाषा सध्यां बाजारांत दुसऱ्या कशाचीही होत नसेल. स्वस्त यंत्राच्या पेटीवर ९००० असा आंकडा होता. त्यापुढें 'एएनएसआय' किंवा 'आयएसओ' हीं अक्षरें नव्हतीं. हीं अक्षरें नसलीं तर तो आंकडा कोणत्याही प्रमाण रीतीनें मोजलेला नाहीं असें समजावें. खरी मोजणी सोपी आहे. पडद्यावर पूर्ण पांढरें चित्र टाकावें, त्याचे नऊ सारखे भाग कल्पून प्रत्येकाच्या मध्यावर लक्समापक धरावा, नऊ आंकड्यांची सरासरी काढावी व तिला पडद्याच्या चौरस मीटरांनीं गुणावें. १०० इंची पडद्याचें क्षेत्रफळ २.७५ चौरस मीटर. सरासरी २०० लक्स भरली तर यंत्र ५५० ल्यूमेनचें. घरांतील आठवी-नववींतला मुलगा किंवा मुलगी हें काम आनंदानें करील.

आतां प्रश्न असा कीं, लागतात तरी किती? डिजिटल चित्रपटगृहांत पडद्याची उज्ज्वलता दर चौरस मीटरास ४८ कँडेला ठेवण्याचा दंडक आहे. साध्या पांढऱ्या १०० इंची पडद्यावर तेवढी आणावयास सुमारें ४२० ल्यूमेन पुरतात! वाचकांस हें नवल वाटेल. अर्थात् रंग खरे ठेवणाऱ्या पद्धतींत यंत्राचा कांहीं उजेड खर्ची पडतो, आणि दिवा जुना होत होत निम्म्यावर येतो. तें सर्व धरूनही खरोखरीचे १५०० ते २००० ल्यूमेन घरास विपुल होत. मात्र एका अटीवर : खोलींत काळोख पाहिजे.

ही अट कां, तें एका उदाहरणानें सांगतों. प्रोजेक्टरास काळा रंग टाकतांच येत नाहीं. काळा म्हणजे जेथें त्यानें उजेड टाकला नाहीं ती जागा. खोलींतल्या दिव्यांनीं पडद्यावर आधींच १०० लक्स उजेड पडत असेल, तर चित्रांतील अमावास्येची रात्रही १०० लक्सांचीच. १००० ल्यूमेनचें यंत्र त्या पडद्यावर पांढऱ्या जागीं आणखी ३६० लक्स टाकील. म्हणजे पांढरें ४६० आणि काळें १००. दोहोंत पांचपटही अंतर उरलें नाहीं. असें चित्र धुतलेल्या छिटासारखें दिसतें. तिप्पट पैसे देऊन तिप्पट उजेडाचें यंत्र आणलें तरी काळें तेवढेंच करडें राहील. दिवे मालविले व जाड पडदे ओढले तर तेंच यंत्र रूप पालटतें. म्हणून काळोख ही प्रोजेक्टराची पहिली सामग्री, आणि बहुधा सर्वांत स्वस्तही.

दुसऱ्या रात्रीं या नियमाचा अनुभव एका निराळ्याच रीतीनें आला. रस्त्याकडील तिन्ही खिडक्यांस जाड कापड लाविलें होतें, दिवे मालविले होते, तरी पडद्याचा उजवा भाग फिका दिसे. पाहतों तों स्वयंपाकघराच्या दारांतून उजेड येत होता. मोठे दीर म्हणाले, "तें दार ओढून घ्या." तेवढ्यांत सासूबाईंनीं विचारलें, "आंत कोण आहे?" आंत दोघी सुना होत्या, एक चहाचें आधण ठेवीत होती व दुसरी ओटा आवरीत होती. सासूबाई म्हणाल्या, "दार ओढूं नका. त्यांना बाहेर बोलवा आणि दिवा मालवा. चहा उद्यां सकाळीं." त्याप्रमाणें झालें आणि पडदा एकसारखा उजळला. यंत्रशास्त्राच्या दृष्टीनेंही सासूबाईंचें म्हणणें बरोबर होतें, कारण बंद दाराच्या फटींतूनही उजेड येतोच. ज्या घरीं चित्र चालूं असतां स्वयंपाकघराचा दिवा जळत राहतो, त्या घरचें होम थिएटर अपुरें समजावें. मग यंत्र कितीही भारी असो. बाराजणांची करमणूक व दोघींना चहाची नवी पाळी, असा हिशेब होणार असेल तर सामाईक पैसा सामाईक कामीं लागला असें कोण म्हणेल?

तिसऱ्या रात्रीं काळ्या-पांढऱ्याची परीक्षा घेतली. त्यासाठीं आम्हीं प्रभातचा १९३६ चा 'संत तुकाराम' निवडला. दामले व फत्तेलाल यांचें हें चित्र जुन्या जवळजवळ चौरस आकारांत आहे. आजच्या रुंद पडद्याच्या दोन्ही बाजूंस त्यामुळें सुमारें २५-२५ सेंटिमीटर जागा रिकामी राहते. त्या रिकाम्या पट्ट्यांकडे पहावें. त्या भिंतींत मिसळून गेल्या तर यंत्राचें काळें चांगलें. राखेसारख्या उजळल्या तर सामान्य. स्वस्त यंत्राच्या पट्ट्या राखेसारख्या होत्या आणि विष्णुपंत पागनीसांच्या चेहऱ्यावरील छटा सपाट झाल्या होत्या. मध्यम यंत्रावर घोंगडीचा पोत व चेहऱ्याचा भाव दोन्ही शाबूत. त्यानंतर रंगीत चित्र लावून हळद हळदीसारखी व कुंकू कुंकवासारखें दिसतें कीं नाहीं, तें घरांतील बायकांना विचारलें. दोन्ही यंत्रांच्या सर्वांत झगझगीत पद्धतींत हळदींत हिरवी झांक येत होती. 'सिनेमा' नांवाची पद्धत लावतांच मध्यम यंत्राची ती गेली. दुकानांत ग्राहकास हमखास पहिलीच पद्धत दाखवितात, हें ध्यानांत ठेवावें.

एक इशारा येथें दिला पाहिजे. 'डीएलपी' जातीच्या पुष्कळ यंत्रांत एक रंगीत चाक फिरून तांबडा, हिरवा, निळा असे रंग एकामागून एक पडद्यावर येतात. कांहीं माणसांच्या डोळ्यांस त्यामुळें नजर फिरवितांना इंद्रधनुष्याचे ओरखडे दिसतात. इतरांस मुळींच दिसत नाहींत. 'थ्री एलसीडी' जातींत तिन्ही रंग एकाच वेळीं येतात, म्हणून हा त्रास नाहीं. मोठ्या कुटुंबानें एकट्या कर्त्या पुरुषाच्या डोळ्यांवर विसंबून यंत्र घेऊं नये. सर्वांनीं निदान अर्धा तास पहावें, मगच पैसे मोजावेत. तसेंच, यंत्र पडद्यासमोर सरळ ठेवतां येईल अशी जागा आधीं ठरवावी. तें तिरपें ठेवून 'कीस्टोन'च्या बटणानें चित्र चौकोनी करतां येतें खरें, परंतु त्यांत विकत घेतलेले ठिपकेच वायां जातात. 'थ्रो रेशो' १.५ असेल तर १०० इंची चित्रास यंत्र ११ फुटांवर लागेल.

आतां भिवंडीच्या हवेविषयीं. यंत्रमागांच्या या शहरांत कापडाचे सूक्ष्म तंतू वाऱ्यावर असतात. प्रोजेक्टर आपला दिवा थंड ठेवण्यासाठीं सतत हवा आंत ओढतो. तंतू गाळणींत बसले कीं हवा अडते, यंत्र तापतें व दिव्याचें आयुष्य घटतें. गाळणी हातानें काढून साफ करतां येते असेंच यंत्र घ्यावें, आणि पुस्तिकेंत सांगितलेल्या मुदतीच्या निम्म्या मुदतींत ती साफ करावी. पावसाळ्यांत भिंगावर बुरशी धरण्याची भीति असते. यंत्र कपाटांत कोंडून न ठेवतां आठवड्यांतून एकदां तरी चालवावें. वीज अकस्मात् गेली तर तापलेल्या दिव्याचा पंखाही थांबतो. जुन्या पद्धतीच्या दिव्यास हें बाधक, म्हणून लहानसा यूपीएस जोडावा. मुलांनीं चालू भिंगांत डोकावूं नये, हें पहिल्याच दिवशीं बजावावें.

पडद्यासाठीं गांवचेंच कापड कां नको, असा प्रश्न मोठ्या दिरांनीं केला; तो योग्यच आहे. मागावरून उतरलेलें कोरें कापड पिवळसर असतें, त्यानें रंग बिघडतात. शिवाय विरळ विणींतून उजेड मागें निसटतो. धुवून शुभ्र केलेलें जाड कापड चौकटीवर ताणून, मागें काळें कापड लावलें तर काम चालतें. त्याहूनही सोपें म्हणजे गुळगुळीत भिंतीस बिनचकाकीचा पांढरा रंग द्यावा. विकतचा पडदा पुढच्या वर्षीं पाहतां येईल.

चालू खर्च थोडका आहे. मध्यम यंत्र २५० ते ३५० वॅट वीज घेतें. दोन तासांस अर्धें ते पाऊण युनिट. दिव्याचें आयुष्य ४००० तास धरलें व आठवड्यांत तीन रात्री दोन-दोन तास यंत्र चालविलें, तर वर्षाचे ३१२ तास होतात; दिवा बारा वर्षें पुरावा. तेंच यंत्र टीव्हीप्रमाणें रोज चार तास चालविलें तर तीन वर्षांच्या आंतच दिवा बदलावा लागेल. दिवसाढवळ्या क्रिकेट पाहणें हा ज्यांचा मुख्य हेतु, त्यांनीं टीव्हीच घ्यावा. त्या कामीं प्रोजेक्टर हलकाच ठरतो. मोठ्या दिरांचा आक्षेप एवढ्यापुरता आम्हांस सर्वस्वी मान्य आहे.

सासूबाईंच्या डोळ्यांचा प्रश्न उरला. हातांतल्या फोनचें चित्र डोळ्याशीं सुमारें २१ अंशांचा कोन करतें; १०० इंची पडदा दहा फुटांवरून सुमारें ४० अंशांचा. चित्र जवळजवळ दुप्पट मोठें भासतें, आणि लांबचें असल्यामुळें जवळच्या चष्म्याची ओढाताण टळते. मोतीबिंदु असल्यास त्याचा इलाज मात्र डॉक्टरांकडेच. पण तिसऱ्या रात्रीं सासूबाईंनीं चित्र नुसतें पाहिलें नाहीं; पुढें काय होणार तें त्या नातवंडांना आधींच सांगत होत्या, आणि मुलें फोन विसरून त्यांना प्रश्न विचारीत होतीं. यंत्रांत नसलेलें दुसरें साधन, गोष्ट सांगणारें माणूस, या घरांत आधींपासूनच होतें. तें फक्त दिव्यांच्या लखलखाटांत दिसत नव्हतें.

आमचा सल्ला असा. यंत्र लगेच घेऊं नये. आधीं खिडक्यांना जाड पडदे शिवून घ्यावेत. भिवंडींत कापडास तोटा नाहीं. मग एका महिन्याचे चार शनिवार भाड्याचें किंवा मागून आणलेलें यंत्र लावावें. त्या दोन तासांत फोन एका परडींत, स्वयंपाकघर बंद, आणि चित्राची निवड पाळीपाळीनें. सासूबाईंची पाळी पहिली. चारही शनिवार हा नेम घरानें पाळला, तर खऱ्या फुल एचडीचें, दीड-दोन हजार खऱ्या ल्यूमेनचें, गाळणी निघणारें मध्यम यंत्र सामाईक पैशांतून खुशाल घ्यावें. दुसऱ्याच शनिवारीं कोणी परडींतून फोन काढून गच्चीवर गेलें, तर यंत्राचे पैसे वांचले असें समजावें, आणि चौदा माणसांनीं एकत्र बसण्याची दुसरी कांहीं रीत शोधावी. पडदे वायां जाणार नाहींत. चैत्र-वैशाखांत ते उन्हास आड येतील.